बेनेली एम४, सात काडतुसांची नळी आणि ‘९२२ आर’ची मोजदाद

कुडाळचा_टेक्सासकर (धागाकर्ता)

मंडळी, विषय जरा वेगळा आहे, पण मराठीत यावर कुठे काही सापडलं नाही म्हणून धागा काढतोय.

मी ऑस्टिनपासून तासाभरावर राहतो. दोन वर्षांपूर्वी अकरा एकर माळरान घेतलं, त्यावर पेकनची झाडं लावली आणि रानडुकरांनी ती उकरून काढली. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं तेव्हा पहिला विचार बंदुकीचा आला. वडिलांकडे शेतीसंरक्षणाची सिंगल बार होती, त्यामुळे घरात बंदूक असणं मला नवीन नाही. दुकानातून रीतसर खरेदीचा ४४७३ क्रमांकाचा केंद्राचा फॉर्म भरून, पार्श्वभूमीची तपासणी होऊन एक वापरलेली बेनेली एम४ घेतली. इटलीत बनलेली, बारा बोअर, सेमी ऑटोमॅटिक. अमेरिकन मरीन ज्याला एम१०१४ म्हणतात तीच ही बंदूक, फक्त माझ्या नागरी आवृत्तीत बॅरलखालच्या काडतुसांच्या नळीत पाचच काडतुसं बसतात.

रेंजवरच्या एका दोस्ताने सात काडतुसांची लांब नळी सुचवली. मी मागवली. खोका टेबलावर आला, पान्याने जुनी नळी सोडवणार तेवढ्यात खोक्यातला कागद वाचला: ‘९२२ आरची पूर्तता ही ग्राहकाची जबाबदारी’. (९२२ आर म्हणजे केंद्राच्या बंदूक कायद्यातलं एक कलम.) दुकानात विचारलं तर काउंटरवरचा बाबा हसून म्हणाला, “कोण मोजायला येतंय?” उत्तर ऐकून पान्याला हातच लागेना.

वाचून समजलं ते असं. परदेशी बंदूक ‘खेळाच्या उपयोगाची’ असेल तरच अमेरिकेत आयात होते. पाचापेक्षा जास्त काडतुसांची नळी किंवा घडीचा दस्ता असेल तर ती आयातीला बाद. मग आत आणून इथे तीच नळी लावली तर? तेच ९२२ आर अडवतं: आयातीला बाद ठरली असती अशी शॉटगन आयात भागांपासून जुळवायची नाही. पण नियमावलीत वीस भागांची यादी आहे, आणि त्यातले दहापेक्षा जास्त भाग परदेशी असतील तरच गुन्हा. म्हणजे दहा इटालियन चालतील, अकरावा नको.

माझ्या बंदुकीत यादीतले चौदा इटालियन भाग निघाले. बरोबर मोजतोय का?

---

हडसनपार

भाग मोजण्याआधी राज्य मोज! तू टेक्सासात आहेस म्हणून हा प्रश्न तरी विचारतोयस. आमच्या न्यू जर्सीत सेमी ऑटो शॉटगनला सहापेक्षा जास्त काडतुसांची नळी, पिस्तूल ग्रिप किंवा घडीचा दस्ता, यातलं एकही असेल तरी ती थेट ‘असॉल्ट फायरआर्म’. ९२२ आर पाळलास काय आणि नाही काय, राज्याला घेणंदेणं नाही. एडिसनच्या गणपतीत भेटणारे निम्मे लोक टेक्सासला नोकरी बदलून जातात, काही परतही येतात. परत येताना गाडीच्या डिकीत ही बंदूक असेल तर काय होईल ते सांगायला नको.

कॅलिफोर्नियात वेगळं, इलिनॉयमध्ये २०२३ च्या जानेवारीपासून आणखी वेगळं. केंद्राचा कायदा ही फक्त पहिली चाळणी.

---

शंकेखोर_शाम

अडाणी प्रश्न. सेमी ऑटोमॅटिक म्हणजे मशीनगनच ना? चाप दाबून धरला की धडाधड?

---

कुडाळचा_टेक्सासकर

नाही हो. चाप एकदा ओढला की एकच बार. फक्त रिकामं टरफल बाहेर फेकणं आणि पुढचं काडतूस आत घेणं हे बंदूक स्वतः करते. पंप ॲक्शनला ते काम डाव्या हाताने करावं लागतं, डबल बारला बंदूक मोडून बोटांनी. एम४ मध्ये बार उडाल्यावरचा थोडा गॅस दोन छोट्या पिस्टनना मागे ढकलतो, एवढंच. चाप दाबून धरल्यावर सलग उडणारी ती मशीनगन. त्या दिशेने बंदुकीत हात घालणं हा सरळ तुरुंगाचा रस्ता आहे आणि या धाग्याचा विषय नाही.

---

निवृत्त_लेथवाला

चाळीस वर्षं कारखान्यात सहन-मर्यादा मोजण्यात गेली, त्यामुळे तुझा प्रश्न आवडला. पण आधी हे ‘खेळाच्या उपयोगाचं’ प्रकरण समजून घे, नाहीतर यादी म्हणजे वेडेपणा वाटेल. (तो आहेच, पण त्याला वंशावळ आहे.)

बारा बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या बॅरलमध्ये बसेल ते बॅरल. व्यास साधारण ०.७२९ इंच. अमेरिकन कायद्यात अर्ध्या इंचापेक्षा मोठ्या बॅरलचं शस्त्र ‘विध्वंसक साधन’ ठरतं, तोफगोळ्यांच्या पंगतीत. मग बदकं मारणारी आजोबांची बारा बोअर त्यातून सुटते कशी? फक्त एका अपवादाने: शॉटगन खेळाच्या उपयोगाची असेल तर सूट. सगळी इमारत त्या एका खिळ्यावर टांगलेली आहे. १९९४ मध्ये स्ट्रायकर-१२, स्ट्रीट स्वीपर आणि यूएसएएस-१२ या तीन शॉटगनचा तो खिळा काढला आणि रातोरात त्या विध्वंसक साधनं झाल्या.

आयातीची अट १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टमधली. १९८९ मध्ये थोरल्या बुशसाहेबांच्या काळात परदेशी सेमी ऑटो रायफलींची आयात अडवली. लोकांनी काय केलं? बाद ठरलेल्या बंदुकीचे भाग सुटे आणून इथे जोडायला सुरुवात केली. त्या पळवाटेला लावलेलं बूच म्हणजे १९९० चं ९२२ आर. ३० नोव्हेंबर १९९० च्या आधी देशात असलेल्या बंदुकीच्या दुरुस्तीला ते लागू नाही, पण तुझी एम४ तेव्हा जन्मालाच आली नव्हती.

शॉटगनच्या बाबतीत ‘खेळ’ कुठे संपतो ते एटीएफने (बंदुकांवर देखरेख करणारं केंद्राचं खातं) जानेवारी २०११ च्या अभ्यासात मांडलं. घडीचा किंवा मागेपुढे सरकणारा दस्ता, पाचावर काडतुसं किंवा ड्रम, संगीन बसवायची सोय, डाव्या हाताची उभी पुढची मूठ, दहा पौंडांवर वजन, अशा गोष्टी. गंमत बघ: वजनदार बंदूक धक्का कमी देते, क्ले (उडत्या मातीच्या चकत्या) मारणारे मुद्दाम वजन वाढवतात. पण दहा पौंडांवर गेलात की खेळाडू नाही!

आणि स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत एकूण तीनच काडतुसं बसली पाहिजेत, त्यासाठी नळीत लाकडी खुंटी घालतात. म्हणजे पाचाची नळीसुद्धा बदकांसाठी ‘खेळ’ नाही. डुकरांना हा नियम नाही.

आता तुझी मोजणी. यादीतले कुठले भाग वगळलेस ते लिही.

---

कुडाळचा_टेक्सासकर

काका, लोटांगण!

एम४ मध्ये मुळातच नाहीत असे: ट्रनियन, ऑपरेटिंग रॉड, वेगळा सिअर. पिस्तूल ग्रिप दस्त्यातच ओतलेली आहे, म्हणून दस्ता एकच धरला. राहिले सोळा. त्यातून मी दोन वगळले. बॅरलच्या टोकाचा चोक (छर्रे किती पसरतील ते ठरवणारा) ‘मझल अटॅचमेंट’, म्हणजे बॅरलच्या तोंडाची जोडणी, धरायचा का? आणि काडतुसांच्या नळीचं बूच ‘फ्लोअरप्लेट’, म्हणजे मॅगझिनच्या तळाची पट्टी, धरायचं का? मी दोन्हींना नाही म्हटलं. बॅरल एक्स्टेन्शन बॅरलला कायमचं जोडलेलं आहे, तरी वेगळं मोजलं.

---

निवृत्त_लेथवाला

तुझी बाजू मांडणारा वकील तूच असशील तर चौदा. समोरचा वकील मोजेल तेव्हा सोळा. सोळा धर. सहा बदल, वाद मिटला. दोन्ही पिस्टन मिळून एकच भाग, यादीत तसाच आहे. म्हणून पिस्टन बदलायचे तर दोन्ही बदल, एक इटालियन आणि एक अमेरिकन असला खेळखंडोबा करू नकोस.

आणि क्रम महत्त्वाचा. आधी बाकीचे अमेरिकन भाग बसव, लांब नळी सगळ्यात शेवटी. नळी आधी लावून “बाकीचे पुढच्या महिन्यात मागवतो” म्हणालास तर मधला महिनाभर बंदूक बेकायदा. कायदा जुळवण्याच्या क्रियेवर आहे. पावत्या जपून ठेव, भागावर ‘मेड इन यूएसए’चा ठसा असेल तर फोटो काढून ठेव.

---

सायगावाला

या मोजणीत माझे केस पांढरे झालेत, म्हणून लिहितो. माझ्याकडे रशियन सायगा-१२ आहे. इझेव्हस्कच्या कारखान्यातली, एके-४७ च्या घराण्यातली, खालून मॅगझिन लावायची. अमेरिकेत यायची तेव्हा साधा शिकारी दस्ता आणि मागे सरकवलेला चाप, म्हणजे वाघाला शेळीचं कातडं पांघरून आणल्यासारखी. इथे आल्यावर लोक मूळ रूपात आणत, आणि म्हणून ९२२ आर.

वेगळ्या निघणाऱ्या मॅगझिनमध्ये एक मजेदार सापळा आहे. मॅगझिनचा डबा, फॉलोअर (काडतुसं पुढे ढकलणारा तुकडा) आणि तळाची पट्टी हे यादीत तीन वेगळे भाग. अमेरिकन मॅगझिन लावलं की एका फटक्यात तीन भाग अमेरिकन. लोक खूश! पण मोजणी त्या तिघांवर उभी असेल आणि रेंजवर मित्राने त्याचं रशियन मॅगझिन दिलं, ‘हे घे, भरलेलं आहे’ म्हणून, तर ते खट्कन बसवताच तीन परदेशी भाग परत आले आणि आकडा दहाच्या वर. सकाळी कायदेशीर असलेली बंदूक दुपारी नाही. म्हणून मी मॅगझिन न धरताच दहाच्या आत बसवली. धागाकर्त्याला हा त्रास नाही, नळी रोज कोणी बदलत नाही.

१६ जुलै २०१४ ला सायगा बनवणाऱ्या कलाश्निकोव्ह कंपनीवर अमेरिकेचे निर्बंध आले आणि नव्या सायगा बंद झाल्या. २०१७ मध्ये मोलोत या दुसऱ्या रशियन कंपनीवर आले, तिची तशीच वेप्र बंदूकही गेली. बाजारात भाव असे वाढले की मी बंदुकीपेक्षा ती न विकण्यात जास्त कमावलं असं बायको म्हणते.

---

सांजवात

सगळे इतक्या प्रेमाने स्क्रू मोजताय की विचारायला संकोच वाटतोय. घरात लहान मूल आहे का? माझी मुलं इथल्या शाळेत ‘लॉकडाउन ड्रिल’ करतात, म्हणजे कोणी बंदूक घेऊन शिरलं तर लपायचा सराव. सात वर्षांचा मुलगा घरी येऊन बाकाखाली कसं बसायचं ते दाखवतो. पाच काडतुसांनी डुक्कर मरत नाही आणि सातांनी मरतं, असं काही आहे का?

---

कुडाळचा_टेक्सासकर

ताई, संकोच कसला. मुलगी नऊ वर्षांची आहे. बंदूक पोलादी कपाटात, काडतुसं वेगळ्या खोलीत, किल्ली माझ्या आणि बायकोच्याच हाती. टेक्सासात सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू दिली तर तो मालकाचा गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं.

पाच आणि सातबद्दल: खरं सांगू का, एका डुकराला फरक नाही. कळप पंधरा-वीसचा येतो, पहिल्या बारानंतर सगळे पळतात, तेव्हा पडतो. पण ‘हवंय’ हासुद्धा त्यातला मोठा भाग आहे, ते नाकारत नाही. पहिली बुलेट घेतली तेव्हाही कामाला स्कूटर पुरत होती.

---

सांजवात

प्रामाणिक उत्तराबद्दल धन्यवाद. पटलं नाही, पण धन्यवाद.

---

एचवन_चौथं_वर्ष

मीही ऑस्टिनला आहे. अजून एच-१बी वर. टेक्सासात खाजगी जागेवर मालकाच्या परवानगीने डुकरं मारायला २०१९ पासून शिकारीचा परवानाच लागत नाही असं वाचलं. मग मी तुमच्या माळावर आलो आणि तुमचीच बंदूक वापरली तर काही अडचण नाही ना? विकत तर घेत नाहीये.

---

हडसनपार

थांब!! हीच चूक सगळे करतात.

परवाना लागत नाही हे टेक्सासचं म्हणणं. केंद्राचा कायदा म्हणतो की नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस *बाळगायचंच* नाही. विकत घेणं सोड, रेंजवर भाड्याची हातात धरणंही त्यात येतं. एच-१, एच-४, एफ-१ सगळे आले. त्याला असलेल्या थोड्या अपवादांपैकी आपल्यासारख्यांच्या कामाचा एकच: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना खिशात असणं. म्हणजे डुकरासाठी राज्याला परवाना नकोय, पण *तुझ्या व्हिसासाठी* केंद्राला हवाय. ऑफिसच्या टीम आउटिंगला रेंजवर नेतात तेव्हा हे कोणी सांगत नाही. पकडला गेलास तर ग्रीन कार्डची रांग विसर.

---

निवृत्त_लेथवाला

हडसनपारशी शंभर टक्के सहमत. पुरवणी: टेक्सासचा शिकार परवाना ३१ ऑगस्टला संपतो, कधीही घेतला तरी. १ सप्टेंबरला नवीन नसेल तर अपवादही संपला. आणि २ सप्टेंबर १९७१ किंवा नंतर जन्मलेल्यांना शिकारीचा सुरक्षा अभ्यासक्रम करावा लागतो. कर, चांगला असतो. माझ्या जावयाने केला, तेव्हापासून तो कुंपण ओलांडताना बंदूक कशी ठेवायची यावर मला भाषण देतो.

---

माडाखालचो

गाववाल्यानू, धागो वाचून हसाक इला. तुमका पाचाची सात करूची हत, हंय आमका एकाची दोन करूक जल्म जाता. बापाशीची सिंगल बार अजून घरात आसा. निवडणूक लागली काय पोलीस ठाण्यात जमा करूची, निकाल लागलो काय परत हाडूची. तवसर डुकरां भात खाऊन जातत. डुकरांका आचारसंहिता नाय.

---

बारा_बोअर_पुणे

माडाखालचो, एक नंबर!

इकडचा कायदा विचाराल तर धागाकर्त्याची बंदूक भारतात जवळपास अशक्य. शस्त्र नियमांत सेमी ऑटोमॅटिक लांब बंदुका प्रतिबंधित वर्गात येतात, वीस इंचांपेक्षा आखूड गुळगुळीत बॅरलची बंदूकही त्यातच. एम४ चं बॅरल साडेअठरा इंच, म्हणजे दोन्ही अंगांनी बाद. त्या वर्गाचा परवाना जिल्हाधिकाऱ्याच्या हातात नाही, केंद्राच्या आहे. तिकडे मात्र अठरा इंचांच्या खाली गेलात तरच शॉटगनची वेगळी नोंदणी लागते, त्यामुळे साडेअठरा हे रेषेच्या अगदी अलीकडचं बॅरल आहे. कापायच्या भानगडीत पडू नका.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात बॅरल आखूड करायलाच वेगळा परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, परवाना मात्र तीनऐवजी पाच वर्षांचा झाला. आणि आपल्याकडे बदल म्हणजे काय, तर दस्त्याला पॉलिश आणि खांद्यावरचा पट्टा बदलणं!

अवांतर: ट्रॅपवाले, म्हणजे उडत्या चकत्या मारणारे, नेमबाज वर-खाली नळ्यांची डबल बार वापरतात. दोनच काडतुसं. ऑलिंपिक त्यावर चालतं.

---

सायगावाला

अवांतराला अवांतर: भारतात जाताना रेंजची बॅग कधीही वापरू नका. मी वापरली होती. कप्प्यात एक काडतूस राहिलं होतं, सुदैवाने इथेच, निघायच्या आदल्या रात्री बायकोला सापडलं. मुंबईच्या विमानतळावर निघालं असतं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा. न्यायालयं पुष्कळदा ‘जाणीवपूर्वक बाळगलं नव्हतं’ म्हणून असे खटले रद्द करतात, पण तोवर सुट्टी, तिकीट आणि लग्न सगळं हुकलेलं असतं. सुटे भागही नेऊ नका, अमेरिकेतून बाहेर न्यायला निर्यातीचे नियम आहेत.

---

कुडाळचा_टेक्सासकर

तीन आठवड्यांनी परत आलोय. सोळा धरले. अमेरिकन बनावटीचे भाग घेतले: चाप, घोडा, पिस्टनची जोडी, बॅरलखालचं हाताने धरायचं आवरण (फोरआर्म), फॉलोअर आणि शेवटी ती नळी. सहा गेले, दहा राहिले. सरकणारा दस्ता घेतला नाही. मूळचा दस्ता खांद्याला बसतोय, आणि खिशानेही हात जोडले. नळीपेक्षा तिला कायदेशीर करणाऱ्या भागांचा खर्च तिप्पट झाला. नळीबरोबर लांब स्प्रिंग आली ती कुठली बनावट ते शोधण्यात एक संध्याकाळ घालवली, मग लक्षात आलं की स्प्रिंग यादीतच नाही.

नवा घोडा बसवल्यावर पहिल्या पंचवीस काडतुसांत दोनदा अडकली. काकांना फोन केला, त्यांनी हलकी काडतुसं सोडून पूर्ण ताकदीची वापरायला सांगितली, तेव्हापासून ठीक. गॅसवर चालणारी आहे, पिस्टनला जोर नको का! कपाटाच्या दाराला आतून तक्ता चिकटवलाय: वीस ओळी, प्रत्येकीपुढे ‘इ’, ‘अ’ किंवा फुली. खाली पावत्यांचं पाकीट.

वडिलांना व्हिडिओवर दाखवली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “हिची नोंद कुठल्या ठाण्यात?” टेक्सासात नोंद नसते म्हटल्यावर बराच वेळ बोललेच नाहीत.

---

निवृत्त_लेथवाला

तक्त्याचा फोटो टाक. आणि चोकपुढे काय लिहिलंस ते बघायचंय.

---

कुडाळचा_टेक्सासकर

‘इ’ लिहिलंय काका, तुमच्या धाकाने.

---

एचवन_चौथं_वर्ष

अभ्यासक्रम झाला, परवाना काढला, मुद्दाम छापून घेतला. शनिवारी येऊ का?

---

कुडाळचा_टेक्सासकर

ये. पहाटे पाचला फाटकाशी. कान झाकायचं आण, आणि तो कागद गाडीत ठेवू नकोस, खिशात ठेव.